ट्रायबेकाचा सातबारा

घराच्या कागदांची किंमत आपल्या लोकांना कोणी नव्याने शिकवायला नको. पत्र्याच्या पेटीत, शाळेच्या दाखल्यांच्या खाली, रेशनकार्ड, फोटोपास, भाडेपावत्या आणि जुनी वीजबिले कशी जपून ठेवलेली असतात, हे आपल्या घरोघरी पाहायला मिळते. आज आम्ही अशाच कागदांची हकिगत सांगणार आहोत. मात्र ती धारावीची किंवा नायगावची नव्हे. ती आहे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातील एका गर्भश्रीमंत वस्तीची.

वस्तीचे नाव ट्रायबेका. मॅनहटन बेटाच्या दक्षिण टोकाकडे, कॅनॉल स्ट्रीट या मोठ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला, ब्रॉडवे आणि हडसन नदी यांच्या मध्ये ती वसली आहे. ‘कॅनॉलखालचा त्रिकोण’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आखडून १९७० च्या दशकात हे नाव तयार झाले. त्याआधी या भागाला असे गोंडस नाव नव्हते. इथे वॉशिंग्टन मार्केट हा घाऊक बाजार होता आणि त्याच्या आजूबाजूला लोणी, चीज, अंडी, फळे, भाजी यांची गोदामे होती. पाच-सहा मजली विटांच्या इमारती, दर्शनी बाजूला बिडाचे खांब, खाली माल चढवण्या-उतरवण्याचे ओटे, वर पावसापासून मालाचा बचाव करणारी लोखंडी छपरे. आज त्याच इमारतींत सिनेनट आणि बँकांचे बडे अधिकारी राहतात आणि ज्या मजल्यावर एके काळी अंड्यांच्या पेट्या रचलेल्या असत त्या एका मजल्याला लाखो डॉलर मोजले जातात. ओटे आणि लोखंडी छपरे तशीच ठेवली आहेत, कारण आता त्यांना शोभा म्हणतात!

आम्हाला कुतूहल होते ते एवढेच, की या इमारती कोणाच्या? आज कोणाच्या, काल कोणाच्या आणि त्याच्याही आधी कोणाच्या? आपल्याकडे असा प्रश्न विचारला की पूर्वी तलाठ्याची वाट पाहावी लागे. न्यूयॉर्कमध्ये या प्रश्नाचे उत्तर जगाच्या पाठीवर कुठेही बसून, एक पैसा न देता शोधता येते.

नंबर सापडला की दार उघडते

न्यूयॉर्क शहराच्या वित्त विभागाखाली निबंधक कार्यालय आहे. आपल्याकडच्या सब-रजिस्ट्रारसारखेच ते. खरेदीखते आणि गहाणखते तिथे नोंदवली जातात. मॅनहटनचे १९६६ पासूनचे दस्त या कार्यालयाने ‘ॲक्रिस’ नावाच्या संगणक यंत्रणेत सर्वांसाठी खुले केले आहेत. अर्ज नको, प्रतिज्ञापत्र नको, खिडकीवर कोणाची मर्जी राखायला नको. आपल्याकडे ‘इंडेक्स टू’ पाहतात तसे तिथे पाहायचे, फरक इतकाच की सूचीबरोबर मूळ दस्ताचे चित्रही पानोपानी उघडते.

पत्ता टाकला की प्रथम मिळतो तो इमारतीचा नंबर. मॅनहटनचा क्रमांक १, मग रस्त्यांनी वेढलेल्या चौकोनाचा ‘ब्लॉक’ क्रमांक, मग त्यातल्या तुकड्याचा ‘लॉट’ क्रमांक. आपल्या गट नंबर आणि हिस्सा नंबरसारखेच हे प्रकरण आहे. रस्त्याचे नाव बदलते, इमारतीचे नाव बदलते, मालक तर बदलतच असतो. ब्लॉकचा नंबर सहसा बदलत नाही. म्हणून जाणकार शोधकर्ता नावाच्या मागे न लागता नंबराच्या मागे लागतो.

नंबर टाकला की दस्तांची यादी समोर येते, सर्वांत नवा दस्त वर आणि जुने खाली. ती वाचायची कशी, हे थोडे समजून घ्यावे लागते. खरेदीखतात किंमत शोधायला गेलात तर पुष्कळदा ‘दहा डॉलर आणि इतर मोबदला’ असे लिहिलेले आढळेल. दहा डॉलरला ट्रायबेकात धड जेवणही मिळणार नाही! तो केवळ वकिली रिवाज आहे. खरा आकडा सोबतच्या कराच्या पानावर असतो. गहाणखत दिसले म्हणजे मालक कर्जबाजारी झाला असेही नाही, आणि एका बँकेने ते दुसऱ्या बँकेच्या नावे करून दिलेले दिसले तर पुष्कळदा त्याचे कारण नव्या गहाणावरचा नोंदणी कर वाचवणे एवढेच असते.

गोदामाचे घरांत रूपांतर केव्हा झाले हेही याच यादीत कळते. एखाद्या जुन्या इमारतीचा लॉट क्रमांक, समजा, १४ असतो. मग एके वर्षी घोषणापत्र नोंदवले जाते आणि त्या चौदाच्या जागी एकदम १००१, १००२, १००३ असे नवे क्रमांक उगवतात. म्हणजे इमारत ‘काँडोमिनियम’ झाली, एकेका फ्लॅटला स्वतंत्र मालकी मिळाली. काही इमारती मात्र आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वळणावर गेल्या. तिथे खरेदीखत संस्थेच्या नावे असते, रहिवाशाकडे फक्त शेअर असतात. अशा घरात कोण राहतो हे खरेदीखतावरून कळत नाही. रहिवाशाने शेअर तारण ठेवून कर्ज काढले असेल तर बँकेने नोंदवलेल्या कागदात त्याचे नाव सापडते.

मालकाच्या जागी मुखवटा

इतके सगळे उघडे असताना मालकाचे नाव सहज कळायला हवे. पण इथेच मेख आहे. अलीकडच्या खरेदीखतांत खरेदीदार म्हणून माणसाचे नाव कमी आणि कंपनीचे जास्त दिसते. ‘एलएलसी’ म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. न्यूयॉर्क राज्याने तिचा कायदा १९९४ मध्ये केला. कंपनीचे नाव पुष्कळदा त्याच इमारतीचा पत्ता असतो. सही करणारा ‘अधिकृत सहीकर्ता’, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता वकिलाच्या कचेरीचा. कागद समोर आहे, शिक्का आहे, सही आहे, आणि मालक मात्र गायब!

फेब्रुवारी १९१५ ची नव्हे, २०१५ ची ही गोष्ट. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने याच शहरातील टाइम वॉर्नर सेंटर या टोलेजंग इमारतीतल्या मालकांचा असा माग काढून लेखमाला छापली, तेव्हा कंपन्यांच्या पडद्याआड जगभरचे धनिक, आणि त्यांत चौकशीच्या फेऱ्यात सापडलेले लोकही, दडलेले असल्याचे उघड झाले. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकन सरकारच्या अर्थखात्याने आदेश काढला, की मॅनहटनमध्ये ३० लाख डॉलरहून अधिक किमतीचे घर बँकेच्या कर्जाविना कंपनीच्या नावे घेतले जात असेल तर खऱ्या माणसाचे नाव सरकारला कळवावे. पुढे ही रकमेची मर्यादा बरीच खाली आणली गेली. पण ते नाव सरकारला कळते. तुम्हा-आम्हाला नाही.

आम्हाला हे फार बोलके वाटते. गरिबाला आपले नाव कागदावर यावे म्हणून पिढ्यान्पिढ्या झगडावे लागते आणि श्रीमंत माणूस पैसे मोजून आपले नाव कागदावरून काढून घेतो. असो. यादीत आणखी खाली जाऊ.

भाडेपावतीने राखलेली घरे

१९६० च्या दशकात शहराने घाऊक बाजार ब्राँक्स भागातील हंट्स पॉइंट येथे हलवला. व्यापारी गेले, गोदामे ओस पडली. जुन्या बाजाराचा मोठा भाग शहराने पाडून टाकला. जी गोदामे वाचली त्यांना गिऱ्हाईक मिळेना. मग चित्रकार, शिल्पकार, नर्तक, वादक अशी खिसा रिकामा असलेली माणसे तिथे शिरली. त्यांना मोठी जागा आणि भरपूर उजेड हवा होता, मालकाला भाडे हवे होते. भाडेकरारात ‘व्यापारी वापर’ असे लिहायचे आणि राहायचे मात्र तिथेच. स्वयंपाकघर नाही, न्हाणीघर नाही, संध्याकाळ झाली की इमारत गरम ठेवणारी वाफ बंद. नळ, गटार, वायरिंग हे सारे भाडेकरूंनी पदरमोड करून केले. जाताना नव्या भाडेकरूकडून या सुधारणांचे पैसे घ्यायची रीत पडली. आपल्या मुंबईच्या पागडीची आठवण यावी अशीच ती रीत. मात्र पैसे जागेचे नव्हेत, तिथे बसवलेल्या सामानाचे.

वस्तीला रूप आले तसे मालकांचे डोळे उघडले. आता पैसेवाले गिऱ्हाईक येऊ लागले होते. मालक म्हणू लागले, ही इमारत राहण्यासाठी नाहीच, तिला निवासाचे भोगवटा प्रमाणपत्र नाही, सबब चालते व्हा. बेकायदा राहू देणारा मालक, भाडे खाणारा मालक, आणि बेकायदा ठरला भाडेकरू! हा न्याय आपल्या वाचकांना अपरिचित नसावा.

भाडेकरू एकत्र आले, लढले, आणि १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ‘लॉफ्ट कायदा’ केला. लॉफ्ट म्हणजे गोदामाचा किंवा कारखान्याचा मोकळा मजला. कायद्याचा गाभा असा: इमारत पूर्वी व्यापारी किंवा कारखान्याच्या वापराची असावी, तिला निवासाचे प्रमाणपत्र नसावे, आणि १ एप्रिल १९८० ते १ डिसेंबर १९८१ या काळात तिथे किमान तीन कुटुंबे स्वतंत्रपणे राहत असावीत. असे असेल तर प्रमाणपत्र नाही या सबबीवर भाडेकरूंना काढता येणार नाही, इमारत राहण्याजोगी सुरक्षित करून प्रमाणपत्र मिळवणे ही मालकाची जबाबदारी, आणि भाड्यावर नियंत्रण. हे पाहण्यासाठी लॉफ्ट मंडळ नेमले गेले.

दोन तारखांच्या मधल्या त्या काळावर सगळे अडले. आपल्या झोपडपट्टीवासीयांना १ जानेवारी १९९५ आणि पुढे १ जानेवारी २००० या तारखांनी कसे तारले किंवा बुडवले, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मालकाचे कागद निबंधकाच्या दप्तरात नोंदलेले, शिक्क्यासह. भाडेकरूचे नाव त्या दप्तरात कुठेच नाही. मग त्याने दाखवायचे काय? टेलिफोनचे बिल, विजेचे बिल, भाड्याचे वटवलेले चेक, त्या पत्त्यावर आलेली पत्रे, न्हाणीघर बांधल्याच्या पावत्या, मुलाच्या वाढदिवसाला त्या खोलीत काढलेले फोटो. ज्या कागदांना कोणी दस्त म्हणणार नाही त्यांनी दस्तांशी सामना केला. ज्यांनी ते ठेवले होते, त्यांच्यातली काही माणसे कोट्यधीशांच्या शेजारी माफक भाड्यात म्हातारी झाली. ज्यांनी बिले रद्दीत टाकली होती त्यांचे काय झाले असेल, हे वाचकांनीच ताडावे.

हा कायदा पुढेही वाढत गेला. २०१० मध्ये २००८-०९ या वर्षांतले आणि २०१९ मध्ये २०१५-१६ या वर्षांतले सलग बारा महिन्यांचे वास्तव्य धरून नव्या इमारतींना त्यात घेतले गेले. त्यांतल्या बऱ्याच इमारती ट्रायबेकाच्या नव्हेत, ब्रुकलिनच्या बाजूच्या आहेत. गोदामात आधी कलाकार आणि मागून श्रीमंत, ही वाट आता तिकडे वळली आहे.

कागदाने भाडेकरूंना तारल्याचे दुसरे उदाहरण ट्रायबेकाच्या दक्षिण कडेला मरे स्ट्रीटवर घडले. ही इमारत गोदामाची नव्हे, कचेऱ्यांची. दक्षिण मॅनहटनमधील रिकाम्या कचेऱ्यांची घरे करावीत म्हणून १९९५ मध्ये करसवलतीची एक योजना निघाली होती. सवलत घेणाऱ्या मालकाने भाडेनियंत्रण पाळायचे, अशी त्यातली अट. मालकांनी सवलत घेतली आणि भाडे ठरावीक रकमेच्या वर गेले म्हणून नियंत्रण लागू नाही असे सांगितले. कोणत्या इमारतीला कोणती करसवलत मिळते, ही नोंद शहराच्या कराच्या कागदांत सर्वांना पाहता येते. भाडेकरू कोर्टात गेले, आणि जून २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सवलत घेतली आहे तर नियंत्रण पाळलेच पाहिजे. तेव्हा शोध घेणाऱ्याने केवळ खरेदीखत पाहून थांबू नये. मालकाने सरकारकडून काय घेतले, हेही पाहावे.

पाटी घेतलेली इमारत

१९६६ च्या मागे संगणक नेत नाही. तिथून पुढे जाड जाड नोंदवह्या, वही क्रमांक आणि पान क्रमांक. १८९१ पासून या नोंदी ब्लॉकवार लावल्या आहेत, त्यामुळे काम सोपे. त्याच्या मागे मात्र विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने एकेक पायरी उतरावी लागते.

या उतरणीवर एक फार छान सोबत मिळते. १९३९ ते १९४१ या काळात कर आकारणीसाठी शहराने आपल्या पाचही विभागांतल्या प्रत्येक इमारतीचा फोटो काढून घेतला. फोटोत पुढे एक पाटी धरलेली असते, तिच्यावर ब्लॉक आणि लॉट क्रमांक. शाळेतल्या वर्गाच्या फोटोत पाटी घेऊन बसवलेले मूल असते ना, तशी इमारत दिसते. २०१८ पासून हे फोटो शहराच्या अभिलेखागाराने सर्वांना खुले केले. ट्रायबेकाचे फोटो पाहिले की हातगाड्या, ट्रक, पेट्यांचे ढीग, टोपी घातलेले हमाल दिसतात. त्या हमालांची नावे कुठल्याही नोंदवहीत नाहीत, पण फोटो काढणारा इमारत टिपायला आला आणि ते आपसूक आत आले. याशिवाय १९९१ आणि १९९२ मध्ये ट्रायबेकाचे चार भाग वारसा म्हणून जाहीर झाले तेव्हा तयार केलेले जाडजूड अहवाल आहेत. त्यांत एकेक इमारत कोणत्या साली, कोणासाठी, कोणत्या वास्तुशिल्पकाराने बांधली ते दिले आहे. शोध घेणाऱ्याने आधी हे अहवाल वाचावेत, असे आमचे मत आहे. निम्मे कष्ट वाचतात.

गोदामांच्याही आधी इथे काय होते? आश्चर्य वाटेल, पण श्रीमंतांचीच घरे होती. ट्रिनिटी चर्चने आपल्या जमिनीवर सेंट जॉन्स पार्क नावाची बाग आखली होती आणि तिच्या भोवती प्रतिष्ठितांचे बंगले होते. १८६० च्या दशकात ती बाग कॉर्नेलियस व्हँडरबिल्टच्या रेल्वेला विकली गेली, झाडे तोडली गेली आणि तिथे मालधक्का उभा राहिला. प्रतिष्ठित मंडळी उत्तरेकडे सरकली. १९२७ मध्ये नदीखालचा हॉलंड बोगदा सुरू झाला आणि पुढे त्याच्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारींचा वळसा त्याच जागी आला.

एक सही राहून गेली

चर्चकडे ही जमीन कशी आली, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या न्यायालयांना दोनशे वर्षे पुरला. १६३६ च्या सुमारास, डच राजवटीत, रुलोफ यान्स नावाच्या वसाहतवाल्याला इथे सुमारे ६२ एकरांचे शेत मिळाले. तो लवकरच वारला आणि शेत त्याची पत्नी आनेके यान्स हिच्याकडे राहिले. त्याच्याही आधी ही भूमी लेनापी लोकांची होती; त्यांच्याकडे खरेदीखत नव्हते, म्हणून साखळी डचांपासून सुरू होते. १६६३ मध्ये आनेके वारली, पुढच्याच वर्षी इंग्रज आले, आणि १६७१ मध्ये तिच्या वारसांनी शेत इंग्रज गव्हर्नर लव्हलेस याला विकले. पण तिच्या एका मृत मुलाच्या वारसांची सही त्या खतावर झाली नाही. पुढे शेत राजसत्तेकडे गेले आणि १७०५ मध्ये राणी ॲनच्या नावाने ते ट्रिनिटी चर्चला देण्यात आले.

सही राहिली त्या शाखेचे वंशज, आणि मागून इतरही, पुन्हा पुन्हा दावे लावत राहिले. १८४७ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की चर्चचा कब्जा इतका जुना आहे की आता हक्क सांगता येणार नाही. तरी लोक थांबले नाहीत. शहर वाढत होते, जमिनीचे मोल गगनाला भिडत होते, आणि दलालांनी ‘वारसांचे संघ’ काढून भाबड्या माणसांकडून वर्गणी उकळली. कोणालाही एक इंच जमीन मिळाली नाही.

नकाशावरचे तीन शब्द

आनेकेच्या मुलीचे नाव सारा. तिला स्थानिक रहिवाशांची भाषा येत होती आणि तिने सरकारसाठी दुभाष्याचे काम केले. त्याबद्दल १६७३ मध्ये ब्रॉडवेच्या पूर्वेकडील जमीन तिच्या नवऱ्याच्या, व्हॅन बोर्सुमच्या, नावे देण्यात आली. काम बाईचे, कागद नवऱ्याचा! ही जमीन आजच्या ट्रायबेकाच्या उंबऱ्याला लागून, फक्त रस्त्यापलीकडे आहे.

याच जमिनीवर न्यूयॉर्कचे काळे लोक आपल्या मृतांना पुरत. १६९७ मध्ये ट्रिनिटी चर्चने आपल्या दफनभूमीत काळ्यांना पुरण्यास मनाई केली. मग गावाच्या कडेला ही ओसाड जागा उरली. १७४५ मध्ये गावाभोवती लाकडी तट उभारला तेव्हा ती तटाच्या बाहेर पडली. गावकुसाबाहेरची जागा म्हणजे काय, हे आपल्याला अमेरिकेने शिकवायला नको. मयतीसाठीही नियम होते: रात्री पुरायचे नाही, बारापेक्षा जास्त माणसांनी जमायचे नाही. डच काळात अर्धमुक्त केलेल्या काही काळ्यांना गावाच्या उत्तरेस जमिनी मिळाल्या होत्या. पण १७१२ च्या बंडानंतर झालेल्या कायद्याने यापुढे मुक्त होणाऱ्या काळ्या माणसाला घर किंवा जमीन धारण करण्यास बंदी घातली. म्हणजे नोंदवहीत त्यांचे नाव नाही ते योगायोगाने नव्हे. नाव येऊ नये असा कायदाच होता.

१७९० च्या दशकात दफनभूमी बंद झाली, जमिनीची मोजणी होऊन प्लॉट पडले आणि विकले गेले. खोलगट भागात वीस फुटांच्या आसपास भराव पडला आणि वर इमारती आल्या. पण १७५५ च्या एका नकाशावर त्या जागी ‘निग्रो दफनभूमी’ अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द छापलेले राहिले होते.

१९९१ मध्ये सरकारने ब्रॉडवेवर २९० क्रमांकाच्या जागी ३४ मजली कचेरी बांधायला घेतली. नकाशा तज्ज्ञांनी पाहिला होता. त्यांचा अंदाज असा, की जुन्या इमारतींच्या तळघरांनी दफने केव्हाच नष्ट केली असतील. खोदकाम झाले आणि भरावाखाली शवपेट्या जशाच्या तशा निघू लागल्या. काम मात्र चालूच राहिले. तेव्हा शहरातील काळा समाज रस्त्यावर आला. लोकांनी त्या जागी रात्रीची जागरणे केली, शहराचे पहिले काळे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी काम थांबवण्याची मागणी केली, संसदेच्या समितीचे अध्यक्ष गस सॅव्हेज यांनी निधी अडवण्याचा इशारा दिला, आणि जुलै १९९२ मध्ये खोदकाम थांबले. तोवर ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढले गेले होते. त्या साऱ्या भूमीत पंधरा हजारांवर माणसे पुरली गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

अवशेषांचा अभ्यास कोणी करायचा, यावरही समाजाने भांडण केले आणि ते काम वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाकडे, म्हणजे काळ्यांच्याच नामवंत विद्यापीठाकडे, गेले. हाडांनी जे सांगितले ते कुठल्याही दस्तात नव्हते: मोठमोठी ओझी वाहून पिचलेले मणके, कुपोषण, आणि लहान मुलांची मोठी संख्या. एका पेटीच्या झाकणावर खिळ्यांनी हृदयासारखी आकृती ठोकलेली होती.

ऑक्टोबर २००३ मध्ये घानात हाताने कोरलेल्या पेट्यांतून हे सर्व अवशेष वॉशिंग्टनहून बाल्टिमोर, विल्मिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूअर्क अशा शहरांतून मिरवणुकीने न्यूयॉर्कला आणून त्याच भूमीत पुन्हा ठेवण्यात आले. फेब्रुवारी २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. कचेरीची इमारत उभी राहिलीच. स्मारक तिच्या शेजारच्या मोकळ्या तुकड्यावर आहे आणि ते पाहायला पैसे लागत नाहीत. अभ्यासकांनी त्या ४१९ जणांना एकेक क्रमांक दिला आहे. खिळ्यांच्या आकृतीच्या पेटीतल्या माणसाचा क्रमांक १०१.